हरभऱ्याच्या मुळावर दहा रेघा : मूळ कसं वाढतं ते घरी बघण्यासाठी

केस आणि नखं बुडातून वाढतात. टोकाचा भाग सगळ्यात जुना, नवा भाग आतून येत राहतो. झाडाच्या मुळाचं नेमकं उलटं असतं, आणि हे नुसतं वाचून पटत नाही. बघावं लागतं. त्यासाठी फार काही लागत नाही: मूठभर हरभरे, शिवणाच्या डब्यातला दोरा, काळी शाई आणि एक आठवडा.

मी हे प्रयोग शाळेतल्या मुलांबरोबर केले आहेत आणि गच्चीवर बाग करणाऱ्या मोठ्या माणसांबरोबरही. मुलं पटकन पुढच्या प्रश्नाकडे जातात. थबकतात ती मोठी माणसं, कारण वर्षानुवर्षं कुंड्या बदलूनही मूळ नेमकं कुठे वाढतं हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. म्हणून आधी वाढ कुठे होते ते शोधू आणि मग ती होते म्हणजे काय होतं ते पाहू. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पेशीच्या भिंतीत आहे. मूळ लांबतं तेव्हा पेशीच्या आतला दाब भिंतीला ढकलत असतो आणि भिंत मोजूनमापून सैल सुटत असते. हे एक लक्षात ठेवलं की बाकीचं समजायला सोपं जातं.

आधी जमवाजमव

हरभरा देशी घ्या, सालासकट. फुटाणे चालणार नाहीत हे सांगायला नको, तरी दर वेळी कोणीतरी आणतंच. काबुली चणाही चालतो, पण तो लवकर कुजतो. मटकी किंवा मूग का नको? मटकीचा जो पांढरा मोड आपण उसळीत खातो त्यात सुरुवातीला मूळ असतं, पण लवकरच त्याच्यावरचा खोडाचा भागही लांबायला लागतो, आणि मूळ कुठे संपलं, खोड कुठे सुरू झालं ते नवख्या माणसाला कळत नाही. हरभऱ्याचं बी जमिनीतच राहतं आणि त्यातून आधी निघतं ते निखळ मूळ. शिवाय ते जाड आणि सरळ असतं, त्यामुळे रेघा मारायला सोपं.

बाकीचं साहित्य: दोन काचेचे ग्लास, टिपकागद किंवा जाड टिश्यू, चित्रकलेच्या दुकानात मिळणारी पाण्याने न पुसली जाणारी काळी शाई, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, चमचाभर मोहरी, दोन-तीन लाल कांदे, मीठ, एक गाजर आणि औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन. साधं भिंग तर हवंच. सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम. कागदाचा फोल्डस्कोपही पुरतो. स्टॅनफर्डमध्ये मनु प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं हे घडीचं यंत्र सुमारे १४० पट मोठं दाखवतं, आणि खाली दिलेल्या एका प्रयोगाचा अपवाद सोडला तर तेवढं बास होतं.

पहिले दोन दिवस: मोड आणणं

हरभरे रात्री भिजत घाला. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात सैल बांधा आणि फडकं ओलं ठेवा. ओलं म्हणजे पिळून काढलेलं, पाणी गळणारं नव्हे. मुळाला श्वास घ्यायला हवा लागते. डबक्यात ठेवलेले हरभरे आंबतात. साधारण दीड-दोन दिवसांत मूळ दीड-दोन सेंटीमीटर होईल, थंडीत थोडा जास्त वेळ लागेल. वीस हरभरे भिजवले तर सरळ मुळांचे पाच-सहा निवडायला मिळतात. वाकडी मुळं घेऊ नका, पट्टी लावता येत नाही.

रेघा मारणं

या कामात हात स्थिर हवा. दोऱ्याचा तुकडा एखाद्या वाकवलेल्या तारेवर धनुष्याच्या दोरीसारखा ताणून बांधा. दोरा शाईत बुडवा आणि जादा शाई कागदावर टिपून घ्या. मूळ टिश्यूने हलकेच कोरडं करा, पट्टीशेजारी ठेवा आणि टोकापासून सुरुवात करून दर मिलिमीटरला दोरा टेकवत जा. एकूण दहा रेघा. मार्कर पेन वापरू नका, त्यातल्या द्रावकाने कोवळं टोक भाजतं. जोरही लावू नका. टोक चेपलं तर ते मूळ बाद.

हे सगळं एक-दोन मिनिटांत उरका, कारण मूळ उघड्यावर लगेच सुकतं. पहिल्या दिवशी माझी चारही मुळं पंख्याखाली वाळली होती. पंखा बंद करा.

आता ग्लासाला आतून ओल्या टिपकागदाचं अस्तर लावा आणि काच व कागद यांच्या मध्ये हरभरे अडकवा, मूळ खाली. तळाशी बोटभर पाणी, वर ताटली झाकण. ग्लास अंधारात ठेवा. शेजारी एका कागदावर पहिल्या दिवसाच्या रेघांचं चित्र काढून ठेवा किंवा मोबाइलवर पट्टीसकट फोटो घ्या.

चोवीस तासांनी

पट्टी लावा आणि रेघांमधलं अंतर मोजा. टोकापासूनच्या पहिल्या मिलिमीटरात फार फरक दिसत नाही. बियाकडच्या रेघा तर होत्या तशाच, एकेक मिलिमीटरवर उभ्या आहेत. मधल्या, साधारण दुसऱ्या ते सहाव्या रेघेच्या पट्ट्यात मात्र अंतर कितीतरी वाढलेलं असतं. काही रेघा ताणून पुसट झालेल्या असतात, एखाद्या रेघेचे नुसते ठिपके उरलेले असतात. सगळी वाढ त्या बोटाच्या नखाएवढ्या पट्ट्यात झाली.

एकोणिसाव्या शतकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस साक्स यांनी बाकल्याच्या मुळांवर अशाच शाईच्या रेघा मारून हे दाखवलं होतं. तेव्हापासून प्रयोग जवळजवळ बदललेला नाही, कारण बदलण्यासारखं त्यात काही नाही.

आता मूळ टोकाकडून वाचा. अगदी टोकाला मूलटोपी. मातीत घुसताना घासून झिजते ती हीच, आणि आतून नव्या पेशी येऊन ती भरून निघत राहते. वरून ती बुळबुळीत चिकट द्रव सोडते, त्यामुळे मातीचे कण घसरतात. टोपीच्या लगेच मागे, मिलिमीटरभर जागेत, विभाजन होणाऱ्या पेशी: लहान, चौकोनी, एकमेकींना चिकटून बसलेल्या. इथे पेशींची संख्या वाढते, लांबी फारशी नाही. त्याच्या मागचा पट्टा तुमच्या पसरलेल्या रेघांचा. इथे पेशी नव्याने तयार होत नाहीत, असलेल्या पेशी दहा पटींहूनही लांब होतात. त्याच्याही मागे लांबी कायमची ठरून गेलेली असते. तिथे पेशी आपापल्या कामाला लागतात.

म्हणजे मूळ पुढे सरकतं, पण त्याचा मागचा सगळा भाग जमिनीत जागच्या जागी असतो. खिळा ठोकताना अख्खा खिळा हलतो, तसं इथे होत नाही. हे असंच असायला हवं, कारण मागच्या भागातून बाजूला मातीत तंतू घुसलेले असतात. तो भाग सरकला असता तर सगळे तुटले असते.

हे तंतू बघायला मोहरी घ्या.

मोहरीची पांढरी लव

ताटलीत ओला टिश्यू, त्यावर मोहरीचे दहा-बारा दाणे, वर दुसरी ताटली. दोन-तीन दिवसांत प्रत्येक मुळाभोवती पांढरी मखमली लव दिसेल. घाबरून फेकून देऊ नका. बुरशी समजून कितीतरी जण या टप्प्यावर सगळं कचऱ्यात टाकतात. ओळखायची खूण सोपी आहे: लव फक्त मुळावर, ठरावीक पट्ट्यात आणि चहूबाजूंनी सारखी असते, आणि पाण्याचा फवारा मारला की मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी मात्र बियांवर, कागदावर, वाटेल तिथे पसरते.

ही लव म्हणजे मूलरोम. एकेक रोम म्हणजे मुळाच्या सालीतल्या एकाच पेशीचा बाहेर वाढलेला लांब फुगवटा. भिंग लावून पाहा: टोकाजवळ लव नाही, मग आखूड रोम, मग लांब. लांब होणाऱ्या पट्ट्यात एकही रोम नाही. ती जागा लांबायची थांबली की मगच रोम फुटतात.

या रोमांची संख्या ऐकून विश्वास बसत नाही. १९३७ साली अमेरिकेत हॉवर्ड डिटमर यांनी राय या धान्याचं एकच रोप चार महिने लाकडी पेटीत वाढवलं आणि मुळं धुऊन मोजली. मुळांची एकूण लांबी सुमारे ६२० किलोमीटर भरली आणि मूलरोम सुमारे १४०० कोटी. एका रोपाचे. रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते दोन दिवस मान का टाकतं, हे या आकड्यावरून कळतं. मोठी मुळं शाबूत दिसतात, पण पाणी पिणारे रोम मातीबरोबर ओरबाडून निघालेले असतात. म्हणून मातीच्या गोळ्यासकट रोप हलवायचं, आणि शक्यतो संध्याकाळी.

ग्लास आडवा करा

रेघांच्या हरभऱ्याचा एक ग्लास आडवा करून ठेवा. आत पाणी असेल तर आधी ओतून टाका, कागद ओला असला की पुरे. काही तासांत मूळ खाली वळायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी स्पष्ट काटकोन दिसतो. वळण कुठे आलं ते रेघांवरून बघा. टोकाला नाही, मागच्या लांबणाऱ्या पट्ट्यात. 'खाली' कुठे हे कळतं एका जागी, वळण पडतं दुसऱ्या जागी.

कळतं ते मूलटोपीला. टोपीच्या मधल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की गोटीसारखे ते खालच्या बाजूला येऊन बसतात. त्यातून निघालेल्या इशाऱ्याने ऑक्झिन हे संप्रेरक मुळाच्या खालच्या बाजूला जास्त जमतं. खोडात ऑक्झिन वाढ वाढवतं, मुळात त्याच्या एवढ्या मात्रेने वाढ मंदावते. खालची बाजू आखूड राहिली, वरची लांबली, मूळ वाकलं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली छापलेल्या प्रयोगांत मुळांची टोकं कापून पाहिली होती. कापलेली मुळं लांब होत राहिली, पण खाली वळली नाहीत. ब्लेडचं टोक आणि धीर असेल तर एका मुळाचा जेमतेम अर्धा मिलिमीटर शेंडा उडवून तुम्हीही बघू शकता. काही दिवसांनी नवी टोपी तयार झाली की मुळाला दिशा पुन्हा कळते.

स्टार्चचे कण बघायचे असतील तर कांद्याचं मूळ घ्या (ते कसं वाढवायचं ते पुढे आहे). त्याचं टोक काचपट्टीवर ठेवून आयोडीनचा थेंब टाका. कांदा स्टार्च जवळजवळ साठवतच नाही, त्याचा गोडवा साखरेचा. टोपीत मात्र काळेनिळे ठिपके दिसतात. स्टार्च तिथे दिशा कळण्यापुरता ठेवलेला असतो.

आणि टोपी नुसत्या डोळ्यांनी बघायची असेल तर कोकणात केवड्याच्या बनात जा. त्याच्या हवेत लोंबणाऱ्या जाड मुळांच्या टोकांना टोप्यांचे थरच्या थर असतात. शहरात असाल तर नदीतली जलपर्णी आणा. तिच्या मुळाच्या टोकावर अंगुस्तानासारखी पिशवी असते आणि ती चिमटीत धरून अलगद ओढून काढता येते.

आता भिंत

इथपर्यंत सगळं उघड्या डोळ्यांना दिसणारं होतं. पुढे भिंग अपुरं पडतं.

लाल कांद्याची जाड पाकळी घ्या आणि बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा नखाने सोला. छोटा तुकडा काचपट्टीवर पाण्यात ठेवून बघा: विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी, प्रत्येक जांभळ्या रसाने काठोकाठ भरलेली. आता अर्धा कप पाण्यात मोठा चमचाभर मीठ विरघळवून ते पाणी आवरणकाचेच्या एका कडेला सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने जुनं पाणी ओढून घ्या. पाच मिनिटांत जांभळा गोळा आकसून भिंतीपासून सुटतो. चौकट मात्र तशीच उभी राहते. पेशी आणि पेशीची भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही. रॉबर्ट हुक यांनी १६६५ साली बुचाच्या कापात पाहिलेल्या आणि 'सेल' म्हणजे कोठडी असं नाव दिलेल्या गोष्टी अशाच रिकाम्या चौकटी होत्या. राहणारे केव्हाच गेलेले, घर तेवढं उरलेलं.

आता साधं पाणी सोडा. बहुतेक पेशी पुन्हा फुगून भिंतीला टेकतात. तो दाब लक्षात ठेवा. मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पीएसआय हवा भरतो. मुळाच्या पेशीत पाण्याचा दाब त्याच्या दुपटीच्या घरात असतो. भिंत नसती तर पेशी फुटली असती. आणि भिंत सैल पडली नाही तर ती वाढणार नाही.

भिंत बांधली जाते कशी

ही गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण आपल्या गवंडीकामाचा एकही नियम इथे लागू पडत नाही.

पेशी दुभंगायला निघाली की आधी गुणसूत्रं दोन्ही टोकांना वाटली जातात. मग मधोमध, दोन केंद्रकांच्या बरोबर मध्ये, बारीक बारीक पिशव्या येऊन जमायला लागतात. या पिशव्या पेशीतला माल भरून पाठवणाऱ्या गॉल्जी संकुल नावाच्या भागातून येतात, आत भिंतीचा माल भरलेल्या. तंतूंच्या एका मांडवावरून सरकत त्या मध्यावर येतात, एकमेकींत मिसळतात आणि एक चकती तयार होते. ही चकती मधून बाहेर वाढत जाते आणि शेवटी जुन्या भिंतीला जाऊन भिडते. खोलीत पार्टिशन घालायचं तर आपण कडेपासून सुरुवात करू. वनस्पती हवेत मधोमध सुरू करते.

पहिला माल कॅलोज नावाचा, तात्पुरता, बांधकामाच्या परांचीसारखा. नंतर तो जाऊन सेल्युलोजचे पक्के धागे येतात. दोन्ही पेशींच्या मध्ये पेक्टिनचा चिकट थर राहतो. ही अक्षरशः सामाईक भिंत, दोन्ही घरांची. त्यानंतर प्रत्येक पेशी आपल्या आतल्या बाजूने आपला थर चढवते, म्हणजे सगळ्यात जुना थर बाहेर आणि नवा आत. आणि चकती जुळतानाच मध्ये बारीक भोकं राखलेली असतात. त्यांतून शेजारच्या पेशींचा द्रव एकमेकींशी जोडलेला राहतो.

पेक्टिनचं काम तुम्ही स्वयंपाकघरात रोज पाहता. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही अशी तक्रार ज्या घरांत आहे त्यांना त्याचं कारण इथे सापडेल: जड पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना घट्ट बांधतं आणि पेशी सुट्या होत नाहीत. चिमूटभर सोडा टाकला की पेक्टिन लवकर तुटतं आणि डाळ गळते. शिजणं म्हणजे बऱ्याच अंशी ही सामाईक भिंत विरघळणं.

सेल्युलोजचं तंत्र वेगळं. त्याचे धागे पिशव्यांतून येत नाहीत. पेशीच्या पटलातच, म्हणजे भिंतीच्या आतल्या पातळ पडद्यातच, बसवलेली यंत्रं ते तिथल्या तिथे कातत पुढे सरकतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक यंत्र सहा पाकळ्यांच्या फुलासारखं दिसतं. त्याच्या मागून निघणारा धागा सुमारे ३ नॅनोमीटर जाड असतो. ही यंत्रं पटलाखालच्या सूक्ष्मनलिकांच्या, म्हणजे प्रथिनांच्या बारीक नळ्यांच्या, रुळांवरून चालतात हे २००६ साली जिवंत रोपांत, चमकणारी प्रथिनं जोडून, प्रत्यक्ष हलताना पाहिलं गेलं.

रूळ ज्या दिशेने टाकलेले, धागे त्या दिशेने. लांबणाऱ्या पट्ट्यातल्या पेशीत ते आडवे गुंडाळलेले असतात, लाकडी पिंपाला लोखंडी पट्टे आवळतात तसे. आतून दाब आला की पिंपाचं पोट फुगू शकत नाही. मग वाट एकच उरते, लांब व्हायची. हे रूळ बिघडवले तर काय होतं? कोल्चिसिन या रसायनाने ते मोडतात, आणि अशा द्रावणात ठेवलेल्या कांद्याच्या मुळांची टोकं गाठीसारखी सुजतात. कोल्चिसिन आपल्याकडच्या कळलावीत भरपूर असतं. पण घरी हा प्रयोग अजिबात करू नका. कळलावीचा कंद जीव घेण्याइतका विषारी आहे.

दाब तर सगळीकडे आहे, मग फक्त त्या पाच-सहा मिलिमीटरांतच पेशी का लांबतात? कारण भिंत सैल करण्याचं काम तिथे सुरू असतं. पेशी बाहेरच्या बाजूला आम्ल सोडते, भिंतीतला पीएच ५ च्या आसपास येतो आणि त्या आंबटपणात एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं कामाला लागतात. १९९२ साली काकडीच्या रोपांच्या भिंतींतून ती वेगळी काढली गेली. धागे कापले जात नाहीत. त्यांची एकमेकांवरची पकड ढिली होते आणि ते घसरतात. भिंत थोडी ताणली गेली की पेशी पाणी ओढून घेते, आतून नवा थर चढवते, पुन्हा थोडी सैल. हे सतत चालू असतं. नवा थर चढला नाही तर भिंत पातळ होत जाऊन फाटेल. म्हणून तुमच्या ताणलेल्या रेघेखालची भिंत कितीतरी पट लांब होऊनही पातळ पडलेली नसते.

कांद्याचं मूळ, शाळेच्या प्रयोगशाळेत

नवी भिंत बनताना बघायची असेल तर सूक्ष्मदर्शक ४०० पटींचा हवा, आणि जवळ शिक्षक हवेत, कारण आम्ल वापरायचं आहे.

कांद्याच्या बुडाची वाळलेली जुनी मुळं खरवडून काढा, तो काड्या टोचून ग्लासावर असा बसवा की बूड जेमतेम पाण्याला लागेल. तीन-चार दिवसांत मुळं येतात, पाणी रोज बदला. काही कांदे हटून बसतात. ताजा काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो. बाजारातल्या काही कांद्यांवर साठवणीसाठी विकिरणाची प्रक्रिया केलेली असू शकते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' हे विकिरण केंद्र यासाठीच आहे. विकिरणाने मारल्या जातात त्या नेमक्या विभाजन करणाऱ्या पेशी, त्यामुळे कोंब फुटत नाही. दोन-तीन कांदे लावून ठेवलेले बरे.

मुळं दोन सेंटीमीटरची झाली की सेंटीमीटरभर टोकं कापा आणि तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल अशा मिश्रणात एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या देखरेखीखाली एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला सात-आठ मिनिटं. हे आम्ल कशाला? सामाईक भिंतीतलं पेक्टिन विरघळवायला, म्हणजे पेशी सुट्या होतील. पाण्याने धुवा, शेवटचे दोन मिलिमीटर ठेवा आणि बाकी फेका. गुणसूत्रं लाल रंगवणाऱ्या ॲसिटोकार्माइनचा थेंब, दहा मिनिटं थांबा, आवरणकाच ठेवा, पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलकं ठोका. मग टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा जरा सरकला तरी सगळं गुंडाळलं जातं; पहिल्या तीन काचपट्ट्या वाया जाणार हे धरून चला.

बहुतेक पेशी नुसत्या गोल केंद्रकाच्या दिसतील. धीर धरा आणि सरकत राहा. मध्येच कुठेतरी लाल गुणसूत्रांचे दोन पुंजके दोन टोकांना गेलेली पेशी सापडेल (कांद्यात प्रत्येक पुंजक्यात १६, पण मोजायचा हट्ट नको). दोन पुंजक्यांच्या मधोमध फिकट, केसासारखी रेघ दिसते का बघा. प्रकाश थोडा कमी केला की जास्त स्पष्ट होते. ती रेघ दोन्ही कडांना टेकलेली नसेल तर तुम्ही भिंत अर्धवट बांधलेली असताना पकडली आहे.

गाजर आणि कुंडी

शेवटी गाजर उभं चिरा. मधल्या फिकट दांड्यापासून बारीक रेघा बाहेरच्या सालीकडे गेलेल्या दिसतील. ही आडमुळं. फांद्या खोडाच्या बाहेरच्या बाजूला, डोळ्यांतून येतात. आडमूळ मात्र आतल्या दांड्याच्या कडेला जन्मतं आणि वाटेतल्या पेशी बाजूला सारत साल फोडून बाहेर पडतं. त्या दांड्याभोवती पेशींचं एक कडं असतं. त्यांच्या भिंतींत लिग्निनचा, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याचा, न पाझरणारा पट्टा असतो, रॉबर्ट कॅस्पारी यांच्या नावाने ओळखला जाणारा. भिंतींतून झिरपत आलेलं पाणी इथे अडतं आणि पुढे जायला त्याला पेशीच्या पटलातून जावं लागतं. क्षारांची झडती तिथे होते.

बागकाम करणाऱ्यांसाठी यातून निघणाऱ्या दोन गोष्टी. कुंडीत मुळं गोल गोल गुंडाळली असतील तर माती बदलून काही होत नाही, कारण मागचा भाग सरळ होणारच नाही, त्याच्या भिंती पक्क्या झाल्या आहेत. गुंडाळीवर बाहेरून दोन-तीन उभे काप द्या. कापाच्या मागून आडमुळं फुटतील आणि ती नव्या दिशेने जातील. दुसरं, पाण्याचा निचरा. आम्ल बाहेर सोडायला, धागे कातायला सतत ऊर्जा लागते आणि त्यासाठी प्राणवायू. तुंबलेल्या काळ्या मातीत टोकं आधी मरतात आणि पानं नंतर पिवळी पडतात, म्हणून माणूस अजून पाणी घालतो.

रेघा मारलेले हरभरे फेकू नका. खोल कुंडीत भुसभुशीत मातीत पेरा, ऊन मिळू द्या. दोन-तीन आठवड्यांनी एक रोप मातीसकट बादलीभर पाण्यात बुडवून माती सुटू द्या आणि मूळ पट्टीवर ठेवा. ते एव्हाना वीतभर तरी झालेलं असेल. शाई टिकली असेल तर बियाजवळच्या त्या शेवटच्या तीन रेघा शोधा आणि त्यांच्यातलं अंतर मोजा. एकेक मिलिमीटर.